पिरान्हा: दुर्मीळ कोण आणि तापट कोण

पिरान्हा म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या नद्यांतला धारदार दातांचा मासा. तो पाळणाऱ्या हौशी मंडळींच्या बोलण्यात एक समजूत पक्की बसलेली असते: मासा जितका दुर्मीळ, तितका तो भयंकर. प्रत्यक्षात या दोन गोष्टींचा एकमेकींशी फारसा संबंध नाही. मासा दुर्मीळ आहे की नाही, हे तो कोणत्या नदीत राहतो, टाकीत वीण देतो का आणि त्याच्या देशाचे निर्यातीचे नियम काय आहेत, यावर ठरतं. स्वभाव मात्र बराचसा कुळावर जातो.

शास्त्राच्या दप्तरात पिरान्हाची नोंद जुनी आहे. आज काळा पिरान्हा म्हणून ओळखला जाणारा सेरासाल्मस रॉम्बियस स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1766 मध्ये नोंदवला, तोही सॅमनच्या गटात घालून. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हम्बोल्टने दक्षिण अमेरिकेतल्या ओरिनोको नदीच्या खोऱ्यात पाहिलेल्या, लोक ज्याला टरकून असत त्या माशाचं वर्णन 1821 मध्ये छापून आलं. तो आजचा कॅरिबा. सगळ्यांच्या परिचयाचा लाल पोटाचा पिरान्हा मात्र बऱ्याच उशिरा, 1858 मध्ये, कागदावर आला. योहान नाटेरर हा ऑस्ट्रियन संग्राहक 1817 ते 1835 अशी अठरा वर्षं ब्राझीलमध्ये हिंडला आणि त्याने जमवलेले नमुने व्हिएन्नाला गेले. त्यांवरून क्नेर या शास्त्रज्ञाने या माशाचं वर्णन केलं आणि नाव दिलं नाटेररचं: नाटेररी.

पिरान्हाची बदनामी जगभर पोचवली ती थिओडोर रूझवेल्ट यांनी. 1913-14 च्या ब्राझील मोहिमेनंतर त्यांनी लिहिलेल्या पुस्तकात हा जगातला सर्वांत क्रूर मासा ठरला. अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षाचा शब्द, त्यामुळे तो चिकटलाच. शास्त्रज्ञांनाही मोह आवरला नाही: मत्स्यशास्त्रज्ञ आयगेनमनने 1915 मध्ये लाल पोटाच्या पिरान्हासाठी चक्क ‘रूझवेल्टिएला’ नावाची प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) काढली. ती टिकली नाही, पण पुढे हाच मासा कधी या प्रजातीत, कधी त्या, असा फिरत राहिला. जुन्या मत्स्यपालनाच्या पुस्तकांत एकाच माशाची वेगवेगळी नावं दिसतात ती त्यामुळेच. 1993 मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ विल्यम फिंक यांनी पायगोसेंट्रस प्रजातीची फेरतपासणी करून तीनच जाती पक्क्या केल्या: नाटेररी, कॅरिबा आणि पिराया. त्याआधी वेगळी जात म्हणून मिरवणारा टेर्नेट्झी नाटेररीतच जमा झाला. बाजारात मात्र ते नाव पुढेही चालू राहिलं, कारण वेगळ्या नावाला वेगळी किंमत मिळते.

या तिघांत नाटेररी स्वस्त आणि सहज मिळणारा, कारण तो टाकीत वीण देतो. जोडी जमली की दोघांचा लाल रंग मावळून अंग जवळजवळ काळं होतं, तळातल्या वाळूत खळगा केला जातो आणि नर अंड्यांवर पहारा देतो. अंडी हजारांच्या घरात असतात. पिरायाची गोष्ट वेगळी. तो मूळचा पूर्व ब्राझीलमधल्या साओ फ्रान्सिस्को नदीचा, आणि ही नदी अॅमेझॉनला मिळतच नाही. ब्राझीलने शोभेच्या माशांच्या निर्यातीवर बराच काळ कडक बंधनं ठेवली, त्यामुळे या माशाचा पुरवठा तुटपुंजाच राहिला. पोटापासून कुशीवर चढत गेलेला ज्वाळेसारखा पिवळा-केशरी रंग आणि शेपटीजवळच्या छोट्या परात मोठेपणी दिसणाऱ्या किरणांसारख्या रेषा, यांवरून तो ओळखू येतो. हौशी लोक त्याच्यासाठी जीव टाकतात, पण स्वभावाने तो आपल्या दोन भावंडांहून फार निराळा नाही.

आणि ही भावंडं मुळात बुजरी आहेत! अंधाऱ्या खोलीत एकदम दिवा लावला की लाल पोटाच्या पिरान्ह्यांची अख्खी टोळी काचेवर धडकते. एकटा ठेवला तर मासा कोपरा सोडत नाही. ते टोळीने राहतात ते शिकारीसाठी, असं पूर्वी सरसकट मानलं जाई. अॅन मॅगुरान आणि हेल्डर केरोझ या संशोधकांनी ब्राझीलच्या मामिराउआ अभयारण्यात केलेल्या अभ्यासातून उलट चित्र पुढे आलं. केमन मगरी, नदीतले डॉल्फिन, पाणकावळे यांच्यापासून जीव वाचवायला ही टोळी असते. वीण देण्याजोगे मासे मधोमध राहतात आणि लहान मासे कडेला. टाकीत एकमेकांचे लचके तोडले जातात ते बहुधा पोट रिकामं असतं किंवा जागा अपुरी असते तेव्हा.

खरा एकलकोंडा आणि चिडका म्हणावा तो पिरान्हाच्या दुसऱ्या प्रजातीतला, सेरासाल्मस. या प्रजातीतल्या बऱ्याच जातींची पिल्लं दुसऱ्या माशांचे पर आणि खवले कुरतडून जगतात, त्यांतली एलाँगेटस ही जात तर मोठेपणीही ती सवय सोडत नाही. अशा माशाला सोबती देणं म्हणजे त्याला डबा देणंच. याच प्रजातीतल्या रॉम्बियसच्या, म्हणजे काळ्या पिरान्हाच्या, जबड्याची ताकद 2012 मध्ये मोजली गेली: 320 न्यूटन (बलाचं एकक), म्हणजे त्याच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीसपट. लाल डोळ्यांचा मोठा रॉम्बियस काचेपलीकडच्या बोटामागे धावतो, म्हणून तो दिमाखाचा मासा झाला. गंमत अशी, की निसर्गात तो मुळीच दुर्मीळ नाही. अॅमेझॉन, ओरिनोको, गयानाच्या नद्या, सगळीकडे आढळतो. पण तो सावकाश वाढतो, बाजारात येतो तो बहुतेक नदीतून पकडलेला, आणि एका टाकीत एकच ठेवावा लागतो. मोठ्या माशाची किंमत वाढते ती यामुळे.

याउलट ब्राझीलमधल्या तोकांतिन्स-अराग्वाया नद्यांच्या खोऱ्यातला गेरी, हाही सेरासाल्मसच, 1988 मध्ये नोंदवला गेला. तोंडापासून पाठीवर जाणारा त्याचा जांभळा पट्टा एकदा पाहिला की विसरता येत नाही. तो मिळायला कठीण, तरीही इतर सेरासाल्मसच्या मानाने बराच सोशीक. दुर्मीळ तोच तापट म्हणणाऱ्यांनी आधी गेरीकडे बघावं.

माणसांना चावण्याच्या घटनांतही नाव येतं ते भलत्याच जातीचं. आग्नेय ब्राझीलमधल्या अशा घटना हद्दाद आणि साझिमा या संशोधकांनी तपासल्या, तेव्हा चावणारा निघाला सेरासाल्मसमधलाच स्पायलोप्लुरा. धरणांमुळे संथ झालेल्या, पाणवनस्पती माजलेल्या पाण्यात हा मासा घरटी करतो. पोहणारा जवळ गेला की घरटं राखण्यासाठी चावा घेतो, आणि तोही बहुधा एकच. बाजाराच्या हिशेबात हा मासा कधीच वरच्या रांगेत नव्हता.