कॉर्डलेस फोन आपला चॅनेल कसा निवडतो?

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल-चादरीचे कारखाने आहेत. पुढे ऑफिस आणि मागे पत्र्याची शेड असली की लँडलाइनला जोडलेला कॉर्डलेस फोनचा बेस ऑफिसातल्या टेबलावर असतो आणि हँडसेट शेडमध्ये फिरणाऱ्याच्या खिशात. मध्ये भिंत, पत्रा आणि लोखंडी मागांच्या रांगा. शेजारच्या कारखान्यातही असाच फोन असू शकतो, तरी दोघांचं बोलणं एकमेकांत मिसळत नाही. यामागे बऱ्याच वर्षांची डोकेफोड आहे.

अमेरिकेतल्या जॉर्ज स्वाइगर्ट यांना अशा बिनतारी फोनचं पेटंट १९६९ मध्ये मिळालं. घरोघरी पोचलेल्या जुन्या सेटमध्ये बेस ४६ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलायचा आणि हँडसेट ४९ च्या आसपास. दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सी असल्यामुळे दोन्ही बाजूंना एकाच वेळी बोलता यायचं. पण अशा जोड्या होत्या दहाच. १९९५ मध्ये अमेरिकेत त्या पंचवीस झाल्या. दाट वस्तीत तेवढ्याही अपुऱ्या. खरखर वाढली की चॅनेलचं बटण दाबून मोकळी जोडी आपणच शोधायची. मोटरच्या स्टार्टरमध्ये ठिणगी पडली की ती कानात कडकडायची, ते वेगळंच.

यापेक्षा वाईट भानगड अशी की अगदी सुरुवातीच्या बेसला आपला हँडसेट कोणता हेच कळत नसे. त्याच चॅनेलवरचा शेजारचा हँडसेट तुमची लाइन पकडून बिल तुमच्या नावावर फाडू शकत होता. म्हणून हँडसेट बेसवर ठेवला की दोघांनी एक गुप्त अंक ठरवून घ्यायचा, अशी सोय आली. वीज जाऊन तो अंक पुसला गेला तर हँडसेट थोडा वेळ बेसवर ठेवायचा, की काम भागलं.

फ्रिक्वेन्सी वाटून घेणं हा एक मार्ग. दुसरा मार्ग वेळ वाटून घेण्याचा, आणि तो टेलिफोनपेक्षाही जुना आहे. फ्रान्सच्या एमिल बोदो यांनी १८७० च्या दशकात एकाच तारेवर अनेक तारयंत्रांना आळीपाळीने जागा देणारी यंत्रणा बांधली. एक्स्चेंजमधली ई-वन नावाची डिजिटल लाइन हेच करते. प्रत्येक आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येक नमुना ८ बिटांचा, म्हणजे एका संभाषणाला ६४ किलोबिट. अशी तीस संभाषणं २.०४८ मेगाबिटच्या एका प्रवाहात बसतात.

डेक्ट या कॉर्डलेस फोनसाठीच्या १९९२ च्या युरोपीय मानकाने हे दोन्ही मार्ग एकत्र केले. १८८० ते १९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात दहा फ्रिक्वेन्सी. प्रत्येकीवर १० मिलिसेकंदांची फ्रेम आणि फ्रेमचे २४ तुकडे, म्हणजे स्लॉट. त्यांतले बारा बेसचे, बारा हँडसेटचे. दहा गुणिले बारा, म्हणजे १२० दुहेरी चॅनेल. एक स्लॉट साधारण ४१७ मायक्रोसेकंदांचा. त्यात ४८० बिटांची जागा असते आणि आवाजाला त्यातले ३२० मिळतात. शेवटचे ६० बिट रिकामे सोडतात, कारण दूरच्या हँडसेटचा सिग्नल उशिरा पोचतो आणि पुढच्या स्लॉटवर चढायला नको. हँडसेट २४ पैकी एकाच स्लॉटमध्ये बोलत असल्यामुळे त्या क्षणाची ताकद २५० मिलिवॅट असली, तरी सरासरी जेमतेम १० मिलिवॅट भरते.

पण १२० या आकड्यापेक्षा चॅनेल निवडण्याची पद्धत जास्त हुशारीची आहे. कुठल्या बेसने कुठला चॅनेल वापरायचा हे कोणी आधी आखून देत नाही. हँडसेट सगळे चॅनेल ऐकून कुठे किती गोंगाट आहे याची यादी ठेवतो आणि त्यातला शांत चॅनेल घेतो. बोलता बोलता तिथे कोणी घुसलं, तर तो दुसऱ्या स्लॉटवर नवी जोडणी उभी करतो, काही क्षण दोन्ही चालवतो आणि मग जुनी सोडतो. बोलणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

डेटासाठीही हीच रचना कामी आली. मद्रास आयआयटीत अशोक झुनझुनवाला यांच्या गटाने मायडास कंपनीबरोबर कॉरडेक्ट ही प्रणाली बनवली. समोर अडथळा नसेल तर बेसपासून दहा किलोमीटरवरच्या घरातही तिने तारेविना फोन पोचवला. फोनवर बोलणं चालू असताना इंटरनेट ३५ किलोबिटने, फोन मोकळा असेल तर ७० ने. आज हसू येईल, पण तांब्याची तार न ओढता हे मिळत होतं.

आता पुन्हा पत्र्याच्या शेडकडे. डेक्टची तरंगलांबी जवळपास १६ सेंटिमीटर. पत्र्यावरून परतलेली लहर थेट आलेल्या लहरीला काही ठिकाणी खोडते, आणि अशा जागा साधारण आठ-आठ सेंटिमीटरवर येऊ शकतात. म्हणून आवाज तुटला तर ओरडू नका, अर्धं पाऊल सरका. बऱ्याच बेसमध्ये दोन अँटेना असतात त्या यासाठीच. बेस लोखंडी कपाटावर किंवा फ्रिजमागे ठेवू नका. जुन्या वाड्याच्या जाड दगडी भिंतीमागेही नको, दाराच्या रेषेत उंचावर ठेवा. मोकळ्यावर ३०० मीटर आणि घरात ५० मीटर हे खोक्यावरचे आकडे अशा भिंतींना लागू पडत नाहीत. फोन २.४ गिगाहर्ट्झचा असेल तर वायफाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हनशी झगडा ठरलेला. डेक्टला तो त्रास नाही.

बॅटरीत लोक हमखास घोळ घालतात. सहसा आत एएए आकाराचे १.२ व्होल्टचे दोन निकेल-मेटल हायड्राइड सेल असतात. दुकानात मिळणारे साधे अल्कलाइन सेल तिथे बसतात, पण बेस त्यांनाही चार्ज करत राहतो. मग ते गळतात, फुटूही शकतात. नवे सेल पहिल्यांदा चौदा-सोळा तास चार्ज होऊ द्या. सोलापूरचा मे महिना या सेलना मानवत नाही, तेव्हा बेस खिडकीच्या उन्हात तरी नको.

वीज गेली की बेस बंद, म्हणजे फोनही बंद. तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजकडून ४८ व्होल्ट येतात, त्यामुळे साधा वायरचा फोन चालू राहतो. असा एक सेट जोडून ठेवलेला बरा. फायबरवर मात्र ही सोय नाही. तिथे फायबरचा मोडेम आणि बेस दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यावे लागतात. दोघांचे अडॅप्टर वेगवेगळ्या व्होल्टचे असतात. पिन बसते म्हणून मोडेमचा १२ व्होल्टचा अडॅप्टर बेसला लावला, तर बेस जळू शकतो.