बास्किंग दिवा आणि यूव्हीबी ट्यूब: एकाचं काम दुसरा करत नाही

बिअर्डेड ड्रॅगन या पाळीव सरड्याचं पिल्लू नव्याने आणलेल्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "टँकमध्ये मोठा दिवा आहे, उजेडही भरपूर पडतो, मग वर आणखी ट्यूब कशाला?" कारण तो दिवा, म्हणजे प्राण्याला खाली बसून ऊब घेता यावी म्हणून लावलेला बास्किंग दिवा, ऊब देतो; यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांचा एक प्रकार, देत नाही. शंभर वॉटचा असो की दीडशेचा, डोळे दिपवणारा असो, तरी नाही.

ऊब देणाऱ्या दिव्याबद्दल बहुतेकांना माहिती असते, म्हणून थोडक्यात. पिल्लू ज्या फांदीवर किंवा दगडावर बसतं, त्याचा पृष्ठभाग 40 ते 43 अंश सेल्सियस हवा आणि टँकची दुसरी बाजू 25 ते 29. रात्री सगळे दिवे बंद. खोली 18 अंशांखाली जात असेल तरच उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवर (तापमान राखणाऱ्या स्वयंचलित स्विचवर) लावा. रात्रीचा म्हणून विकला जाणारा लाल दिवा घेऊच नका, या प्राण्यांना लाल उजेड दिसतो आणि झोप मोडते. विजेवर तापणारे दगडही नकोत, पोट भाजतं. तापमान टेंपरेचर गनने मोजा. काचेला चिकटवलेला गोल तापमापक बसायच्या जागेचं तापमान सांगूच शकत नाही.

आता खरा घोळ. यूव्हीबी म्हणजे 280 ते 315 नॅनोमीटरचे किरण, जे आपल्याला दिसत नाहीत. ते कातडीवर पडले की तिथल्या एका कोलेस्टेरॉलसारख्या द्रव्यापासून डी3 जीवनसत्त्वाचं आधीचं रूप तयार होतं. त्याचं प्रत्यक्ष डी3 व्हायला मात्र शरीराची ऊब लागते. पुढे यकृत आणि मूत्रपिंड त्याला कामाचं रूप देतात आणि तेव्हा कुठे आतडी खाण्यातलं कॅल्शियम नीट शोषतात. म्हणजे किरणांशिवाय सुरुवात नाही आणि उबेशिवाय पुढची पायरी नाही. म्हणूनच ट्यूब बास्किंगच्या जागेवरच यायला हवी. दिवा एका कोपऱ्यात आणि ट्यूब दुसऱ्या, ही मांडणी सर्रास दिसते आणि ती चूक आहे.

गैरसमज टिकून राहतो तो लक्षणांच्या वेगामुळे. ऊब कमी पडली तर एकदोन दिवसांत कळतं: पिल्लू काळपट पडून राहतं, खात नाही, खाल्लेले किडे न पचता बाहेर येतात. यूव्हीबी कमी पडलं तर कित्येक आठवडे काहीच दिसत नाही. पिल्लू खातं, पळतं, मालक निश्चिंत असतो. तोवर रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर हाडांतून ते काढून घेत असतं. मग बोटं थरथरू लागतात, जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, धड उचलता येत नाही. झपाट्याने वाढणाऱ्या पिल्लात हे मोठ्या प्राण्यापेक्षा लवकर येतं, आणि वाकलेलं हाड पुन्हा सरळ होत नाही. "माझं तर ट्यूबशिवाय मजेत आहे" हे दोन महिन्यांच्या अनुभवावर सांगणं म्हणूनच धोक्याचं आहे.

ट्यूब घेताना खोक्यावरच्या "फुल स्पेक्ट्रम" किंवा "डेलाइट" या शब्दांवर जाऊ नका, त्यांत यूव्हीबी असेलच असं नाही. 10 ते 12 टक्के यूव्हीबीची, टी5 एचओ प्रकारची (बारीक, जास्त प्रखर) सरळ ट्यूब रिफ्लेक्टरसह घ्या, टँकच्या लांबीच्या निम्मी ते दोनतृतीयांश. पीळदार छोटे यूव्हीबी बल्ब स्वस्त पडतात, पण त्यांचा झोत एवढ्याशा जागेवर पडतो. आमची शिफारस सरळ ट्यूबचीच.

अंतर मोजताना ट्यूबपासून प्राण्याच्या पाठीपर्यंत मोजा, तळापर्यंत नाही. टँकच्या झाकणाच्या जाळीवर ट्यूब असेल तर साधारण 25 ते 30 सेंटीमीटर, मध्ये जाळी नसेल तर 35 ते 45. बारीक जाळी तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त किरण अडवते. नेमका आकडा कंपनीगणिक बदलतो, तो खोक्यावर पाहा. यूव्ही इंडेक्स मोजायचं मीटर मिळालं तर पाठीच्या उंचीवर 3 ते 5 यायला हवा. ट्यूब वरूनच लावा. बाजूने लावली तर किरण थेट डोळ्यांत जातात. आणि काच यूव्हीबी जवळजवळ सगळं अडवते, त्यामुळे बंद खिडकीतलं ऊन यात धरायचं नाही. उलट काचेचा टँक उन्हात ठेवला तर पिल्लू काही मिनिटांत तापून मरू शकतं.

बास्किंग दिवा गेला की अंधार होतो, ट्यूब संपली तरी उजेड देतच राहते. यूव्हीबी आधी ओसरतं. टी5 ट्यूब वर्षाने बदला, लावल्याची तारीख तिच्या टोकाला लिहून ठेवा. दोन्ही एकाच टायमरवर, दिवसाचे 12 ते 14 तास.

दोन्ही कामं करणारा मर्क्युरी व्हेपर दिवा मिळतो, हे खरं. पण तो डिमरवर मंद करता येत नाही, आणि पिल्लाच्या लहान टँकमध्ये ऊब कमी करायला तो वर उचलला की यूव्हीबीही घटतं. तिथे तो नकोच.

"डी3 असलेली पावडर देतो, मग ट्यूब नको" हाही त्याच घोळाचा भाग. कातडी डी3 गरजेपुरतंच बनवते, जास्तीचं निरुपद्रवी द्रव्यांत बदलते. पोटातून गेलेल्या डी3ला असा लगाम नसतो, ते साठून अपाय करू शकतं. चांगली ट्यूब असेल तर आठवड्यातले पाच दिवस डी3 नसलेली कॅल्शियम पावडर खायला द्यायच्या रातकिड्यांवर भुरभुरा, एकदोनदा मल्टिव्हिटॅमिन द्या.

थरथर किंवा मऊ जबडा दिसला तर नवी ट्यूब लावून वाट पाहत बसू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्या. पोटातून की इंजेक्शनने, किती कॅल्शियम द्यायचं हे त्यांनीच ठरवायचं. नेताना धडाखाली पूर्ण तळहात द्या, पायाला धरून उचलू नका, कारण अशा वेळी हाड सहज मोडतं.