२०१४ ची टीडीआय की २०१५ ची? रिकॉलमधली सेकंड हँड गाडी घेण्याआधी

अमेरिकेत विकलेल्या फोक्सवॅगन बीटलच्या दोन लिटर टीडीआय (डिझेल) गाड्या, एक २०१४ ची आणि एक २०१५ ची, शेजारी उभ्या केल्या तर फरक पटकन कळत नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये उघडकीला आलेल्या उत्सर्जन घोटाळ्यात (सॉफ्टवेअर चाचणीपुरताच धूर कमी दाखवायचं) दोन्ही सापडल्या. पण बोनेटखाली इंजिन वेगळं आहे, म्हणून रिकॉलची, म्हणजे कंपनीने गाड्या परत बोलावून केलेली, दुरुस्तीही वेगळी. जेट्टाचंही तसंच. जाहिरातीतल्या वर्षावर जाऊ नका. व्हीआयएनचं, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाचं, दहावं अक्षर बघा: इंग्रजी ई असेल तर २०१४, एफ असेल तर २०१५.

२०१४ च्या गाडीत ईए१८९ इंजिन, ॲडब्लू (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारं युरियाचं द्रव) नाही. नायट्रोजन ऑक्साइड एका कॅटलिस्टमध्ये (धूर साफ करणाऱ्या एक्झॉस्टमधल्या भागात) साठतात आणि अधूनमधून काही सेकंद जादा डिझेल सोडून ते साफ केले जातात. गंधकही तिथेच चिकटतं, आणि ते काढायला खूप उष्णता लागते. डीपीएफलाही (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरला) काजळी जाळायला उष्णताच हवी. छोट्या फेऱ्यांत ती मिळत नाही. त्यामुळे रोज चार-पाच मैलच फिरलेली गाडी, मीटर कितीही कमी दाखवो, मी टाळेन.

यावर विकणारे हमखास म्हणतात, "हायवेला एक चक्कर मारा, फिल्टर मोकळा होईल." काजळीपुरतं ते खरं आहे. राख मात्र जळत नाही. ती इंजिन ऑइलमधल्या ॲडिटिव्हची असते आणि मैलांबरोबर वाढतच जाते. स्कॅनरवर काजळी आणि राख हे दोन आकडे वेगवेगळे दिसतात, दोन्ही मागा. रिकॉलमध्ये फिल्टर बदलल्याचं बिल दाखवत असतील, तर राखेचा आकडा कमीच दिसायला हवा.

२०१५ च्या गाडीत ईए२८८ आणि ॲडब्लूची टाकी. पाण्यात ३२.५ टक्के युरिया असलेलं हे द्रव उणे ११ अंशांना गोठतं, म्हणून टाकीत हीटर असतो. त्यामुळे खर्च निघतो तो हीटर, पंप आणि नॉक्स (नायट्रोजन ऑक्साइड) सेन्सरवर. टाकी पूर्ण रिकामी झाली आणि इंजिन बंद केलं, की ते पुन्हा सुरू होत नाही.

या गाडीची दुरुस्ती दोन टप्प्यांत झाली: आधी सॉफ्टवेअर, नंतर डीपीएफ आणि कॅटलिस्टसारखे पार्ट्स. "रिकॉल झालंय" हे वाक्य पहिल्या टप्प्यानंतरही म्हणता येतं. म्हणून डीलरकडून व्हीआयएनवर दोन्ही टप्प्यांची नोंद मागा आणि बोनेटखाली दुरुस्तीचं लेबल शोधा. एनएचटीएसएच्या (अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्याच्या) साइटवर काही दिसलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका, तिथे सुरक्षेचे रिकॉल असतात.

दोन्ही टप्पे पुरे झालेली २०१५ ची गाडी मिळाली, तर माझं मत तिलाच.

गाडी कोणतीही असो, ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावून रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या उत्सर्जन तपासण्या पूर्ण केल्यात का ते, तपासा. बरेचसे अपूर्ण दिसले, तर बहुधा नुकतेच फॉल्ट कोड पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. दोन-तीन दिवस गाडी चालवायला सांगा आणि परत स्कॅन करा.