हलकं, खऱ्यासारखं दिसणारं कृत्रिम पाऊल (जयपूर फूट आणि इतर प्रकार)

कृत्रिम पायाचा सगळ्यात खालचा, जमिनीला टेकणारा भाग म्हणजे कृत्रिम पाऊल. आख्ख्या पायात बाकी बरंच काही असतं, स्टंप (कापल्यावर उरलेला पायाचा भाग) ज्यात बसतो ते सॉकेट, त्याखालचा पाईप, पाय मांडीतून गेला असेल तर गुडघ्याचा सांधा, आणि मग शेवटी पाऊल. आपल्याकडे सरसकट कुठल्याही नकली पायाला जयपूर फूट म्हणून टाकतात, पण मूळ जयपूर फूट हे फक्त एका पावलाचं नाव आहे. लिंब सेंटरला (कृत्रिम हातपाय बसवायच्या केंद्राला) आलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या मागण्या दोनच, हलकं पाहिजे आणि खरं वाटलं पाहिजे. गंमत अशी की या दोन गोष्टी बऱ्याचदा एकमेकींच्या विरुद्ध जातात, कारण खरं दिसण्यासाठी जे काही वरून चढवावं लागतं (रबर, फोम, सिलिकॉन) त्याचं वजन पायावरच येतं.

आधी जयपूरचं सांगायला हवं, कारण दिसणं आणि वापर यांचा संबंध तिथेच नीट कळतो. 1950 च्या दशकात कॅलिफोर्नियात बर्कलेला सॅच फूट नावाचं पाऊल तयार झालं, घोटा घट्ट, आत लाकडाचा दांडा आणि टाचेला मऊ गादी. साधं, स्वस्त, टिकाऊ, आणि आजही जगभर चालतं. पण ते बुटात घालायच्या हिशोबाने बनवलेलं. जयपूरच्या सवाई मानसिंह हॉस्पिटलमध्ये अशी पावलं घेऊन गेलेले लोक थोड्या दिवसांनी परत कुबड्यांवर दिसायला लागले. कारण सरळ होतं, आपला माणूस स्वयंपाकघरात बूट घालत नाही, देवळात घालत नाही, शेतात चिखलात तर नाहीच नाही, त्यात उकिडवं बसायचं, मांडी घालायची, आणि घट्ट घोट्याच्या पावलावर यातलं काहीच धड जमत नाही. बूट काढला की खालून दिसायचा तो ठोकळा, तो लोकांना दाखवायचा नसायचा ते वेगळंच.

यावर काम केलं ते ऑर्थोपेडिक सर्जन डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा या दोघांनी, साधारण 1968 च्या सुमारास. रामचंद्र, म्हणजे सगळ्यांचे मास्टरजी, हे परंपरेने कारागीर, शाळा फारशी शिकलेले नाहीत आणि हॉस्पिटलात पेशंटना हस्तकला शिकवायला होते. गोष्ट अशी सांगतात की एकदा त्यांच्या सायकलचं टायर पंक्चर झालं, आणि दुकानात थांबले असताना शेजारी ट्रकच्या टायरचं रिट्रेडिंग (झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवणं) चाललेलं दिसलं, त्यावरून रबराचं पाऊल साच्यात भाजायची कल्पना आली. गोष्ट थोडी घासूनपुसून गोड झालेली असेलही, पण तंत्र खरंच तेच आहे. टाचेला आणि पुढच्या भागाला मायक्रोसेल्युलर रबराचे ठोकळे (हवाई चपलेचा तळ असतो त्याच जातीचं रबर), घोट्यापाशी लाकडाचा तुकडा आणि त्यात बोल्ट, या सगळ्याला टायरमधल्या नायलॉन कॉर्डचा आणि रबराच्या पट्ट्यांचा वेढा, वरून कातडीच्या रंगाचं रबर, आणि मग अॅल्युमिनियमच्या साच्यात घालून भट्टीत. बाहेर येतं ते बोटं, नखं, घोट्याचा उंचवटा असलेलं पाऊल. सॅचसारखा बोटांपर्यंत जाणारा कडक दांडा आत नसल्यामुळे ते वर वाकतं, आत-बाहेर कलतं, थोडं पिळतंही, म्हणून खडबडीत जमिनीवर चालता येतं आणि उकिडवं बसता येतं.

याचं पेटंट मुद्दाम घेतलं नाही. 1975 ला डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती काढली, मेहता सनदी अधिकारी, पुढे सेबीचे अध्यक्षही झाले, आणि त्याआधी अपघातात त्यांचाच पाय जायची वेळ आली होती. समिती पाय फुकट बसवून देते आणि हे काम अफगाणिस्तानसारख्या सुरुंगांनी पोळलेल्या देशांतही गेलं. डॉ. सेठींना 1981 ला मॅगसेसे मिळालं. त्यात रामचंद्रांचं नाव मागे पडलं, ही तक्रार जुनी आहे आणि माझ्या मते रास्त आहे. मुंबईच्या सुधा चंद्रनचा पाय 1981 च्या अपघातात गेला आणि नंतर तिने जयपूर फूटवर भरतनाट्यम केलं, तेव्हापासून हे नाव घराघरात पोचलं.

आता हलकेपणाचं. खरं सांगायचं तर जुनं रबराचं जयपूर फूट हलकं नाही, सॅचपेक्षा जडच, आणि हाताने बनत असल्याने एकाचं वजन दुसऱ्याशी तंतोतंत जुळेलच असं नाही. नंतर इस्रोच्या मदतीने पॉलियुरेथेनचं (फोमसारख्या प्लास्टिकचं) हलकं पाऊल केलं गेलं, आणि वरच्या पायासाठी अॅल्युमिनियमच्या जागी एचडीपीई (एक टणक प्लास्टिक) पाईप आला, त्याने पूर्ण पाय बराच हलका झाला. पण काट्यावरचं वजन आणि जाणवणारं वजन यात फरक आहे. शरीराच्या वजनात एका पावलाचा वाटा साधारण दीड टक्का, आणि गुडघ्याखालचा सगळा भाग धरला तर सहा टक्के, म्हणजे साठ किलोच्या माणसाचं स्वतःचं पाऊल 900 ग्रॅमच्या आसपास आणि गुडघ्याखालचा पाय साडेतीन किलोच्या वर. कृत्रिम पाय यापेक्षा कमीच भरतो तरी लोक म्हणतात ओढल्यासारखं होतं, कारण आपला पाय हाडाला आणि स्नायूंना धरून असतो, हा मात्र बाहेरून लटकलेला असतो. सॉकेट सैल असेल, पट्टा किंवा लायनर (स्टंपवर चढवायचं मऊ आवरण) नीट धरत नसेल, तर हलकं पाऊलसुद्धा शिशाचं वाटतं. म्हणून पाऊल बदलून मागायच्या आधी सॉकेट तपासून घ्यावं, कितीतरी वेळा दुखणं तिथलंच निघतं. दुसरं म्हणजे वजन जितकं खाली तितकं पाय पुढे टाकताना जास्त जाणवतं, म्हणून पावलातले शंभर ग्रॅम कमी करणं हे सॉकेटमधले शंभर ग्रॅम कमी करण्यापेक्षा जास्त कामाचं.

कार्बन फायबरची पावलं 1984 पासूनची. व्हॅन फिलिप्स या अमेरिकन माणसाने, ज्याचा स्वतःचा पाय गेलेला होता, फ्लेक्स-फूट काढलं. हलकी असतात आणि टाच टेकताना दाबलेली पट्टी पाऊल उचलताना ढकलते, त्यामुळे भराभर चालणाऱ्याला फायदा होतो. वजनाप्रमाणे आणि हालचालीप्रमाणे त्यांची कॅटेगरी असते, म्हणून दुसऱ्याचं वापरलेलं कार्बन फूट स्वस्तात मिळालं म्हणून घेऊ नये, जड माणसाची पट्टी हलक्या माणसाला वाकतच नाही. घरातल्या घरात फिरणाऱ्या, शुगरमुळे पाय गेलेल्या आजोबांना हे घ्यायला लावणं म्हणजे पैसे पाण्यात, त्यांना साधं, हलकं आणि स्थिर पाऊल बरं. शिवाय कार्बन फूट उघडं दिसायला पट्टीच आहे, त्यावर पावलाच्या आकाराचं कव्हर चढतं.

कव्हर घेताना अंगठा वेगळा आहे का हे बघायचं. बरीच कव्हरं बुटासाठीची, सगळी बोटं चिकटलेली, त्यात कोल्हापुरीचा किंवा साध्या स्लीपरचा अंगठा जातच नाही. बायकांना जोडवी घालायची असतात तर शेजारचं बोटही सुटं लागतं, हे आधी सांगितलं नाही तर टेक्निशियन स्वतःहून विचारेलच असं नाही. रंगाचे नमुने दाखवतात ते दुसऱ्या पायाच्या तळव्याशी न लावता वरच्या बाजूशी, उजेडात लावून बघावेत. शिरा, नखं, केससुद्धा दाखवलेलं सिलिकॉन कव्हर हुबेहूब दिसतं पण महाग पडतं आणि जडही, आणि हळदीचा डाग त्यावर बसला की जाता जात नाही.

टाचेची उंची हा मुद्दा मात्र लोक हमखास विसरतात. पाऊल एका ठरावीक टाचेसाठी जुळवलेलं असतं, बऱ्याच तयार पावलांत ती सुमारे 10 मिलिमीटर धरतात. त्यावर अनवाणी चाललं की पाय मागे कलतो, गुडघा मागे ढकलला जातो आणि सपाट फरशीवर चढ चढल्यासारखं वाटतं. उंच टाचेची चप्पल घातली की उलटं होतं, गुडघा पुढे वाकून दगा देतो. म्हणून दिवसातला जास्त वेळ अनवाणी जातो की चपलेत की बुटात हे मोजमापाच्या वेळीच सांगायचं आणि जे पायताण रोज घालता तेच सोबत न्यायचं. बटण दाबून टाच कमीजास्त करता येणारी पावलं मिळतात, पण ती महाग असतात आणि त्या यंत्रणेचं वजन वाढतं.

महाराष्ट्रात पाय बसवायला जुन्या जागा म्हणजे पुण्याचं लष्कराचं आर्टिफिशियल लिंब सेंटर, 1944 चं, आणि मुंबईत हाजी अलीजवळची पुनर्वसनाची केंद्रीय संस्था. कुठेही गेलात तरी ट्रायलला घाई करू नये, पॅरलल बारमध्ये (दोन्ही हातांनी धरायच्या दांड्यांमध्ये) चार पावलं टाकून बरं वाटतं म्हणणं पुरेसं नाही, अनवाणी, चपलेत, जिन्यावर, उतारावर, खाली बसून उठून, सगळं करून बघावं. पोटरीचं फोम आणि वरचं मोजं शेवटी चढवतात ते यासाठीच, कारण कव्हर एकदा चिकटवलं की पाय जुळवायचे आतले स्क्रू फिरवायला ते परत कापावं लागतं.