घाशीरामच्या आधीची पीडीए आणि नंतरची थिएटर अकॅडमी

विजय तेंडुलकरांचं घाशीराम कोतवाल हे थिएटर अकॅडमीचं नाटक म्हणून सगळ्यांना माहितीये, पण ते पहिल्यांदा उभं राहिलं तेव्हा थिएटर अकॅडमी नावाची संस्थाच नव्हती. नाटक होतं पीडीएचं, म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनचं, आणि त्या नाटकापायीच ती संस्था फुटली. म्हणून आधी पीडीए काय होती ते बघायला पाहिजे.

त्याच्याही थोडं मागे जाऊया. १९३१-३२ ला बोलपट आले आणि गावोगाव फिरणाऱ्या संगीत नाटक कंपन्या एकेक करत बसत गेल्या, कारण तिथे नटांची बिऱ्हाडंच कंपनीबरोबर असायची, तिकीटविक्री पडली की जेवणाच्या पंगतीपासून सगळंच अडायचं. मग नोकरीधंदा सांभाळून संध्याकाळी तालमी करणाऱ्या लोकांनी नाटक धरून ठेवलं. १९५४ पासून सरकारी नाट्यस्पर्धा सुरू झाली, तेव्हापासून तर अशा हौशी संस्थांना दरवर्षी नवीन नाटक बसवायला हक्काचं निमित्त मिळालं.

पीडीए याच काळातली, १९५१ च्या सुमाराची. भालबा केळकर आणि श्रीराम लागू यांनी सुरू केलेली. लागू तेव्हा डॉक्टर होते, कान-नाक-घशाचे, आणि पूर्णवेळ नाटकात आले ते थेट १९६९ मध्ये, म्हणजे जवळजवळ अठरा वर्षं त्यांचं नाटक डॉक्टरकी सांभाळूनच चाललं होतं. आपण ‘हौशी’ हा शब्द उगाच हलका वापरतो असं मला यामुळेच वाटतं.

पुढची फळी आली तीही मेडिकलमधूनच. बी. जे. मेडिकल कॉलेजची पोरं एकांकिका करायची, १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा सुरू झाल्यामुळे पुण्यातल्या कॉलेजांमध्ये तसंही नाटकाचं वारं होतं. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, सतीश आळेकर बायोकेमिस्ट्रीवाले. भालबांसारख्या जुन्या माणसांनी या मुलांना संस्थेत जागा दिली हे विसरून चालणार नाही. १९७० ला तेंडुलकरांचं ‘अशी पाखरे येती’ जब्बारनी पीडीएसाठीच बसवलं.

आणि मग घाशीराम. १६ डिसेंबर १९७२, भरत नाट्य मंदिर. (ही भरतसुद्धा मुळात १८९४ मध्ये विद्यार्थ्यांनी काढलेल्या क्लबातून वाढलेली संस्था.) संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची. स्टेजवर सेट असा नाहीच, ब्राह्मणांची एक रांग उभी राहते, तीच भिंत होते, तीच गर्दी होते, तीच गाते आणि नाचते. आता विचार करा, हे सगळे दिवसभर ऑफिस, कॉलेज, दवाखाना करून येणारे लोक, आणि या नाटकात एक जण तालमीला आला नाही तरी भिंतीला भोक पडतं, प्रॉक्सी उभा करून भागत नाही कारण सूर आणि पाय दोन्ही जमावे लागतात. मला स्वतःला या नाटकातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते, ती रांग.

नाना फडणवीस आणि पेशवाईतलं पुणं ज्या पद्धतीने दाखवलं त्यावर मोठा विरोध झाला, आणि १९ प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवलं. ज्येष्ठांनी वीस वर्षं खपून संस्था उभी केली होती, त्यांना ती जपावीशी वाटली हे समजू शकतं. पण चालू नाटक असं थांबवायला नको होतं, या मतावर मी ठाम आहे.

तरुण मंडळी बाहेर पडली आणि १९७३ ला थिएटर अकॅडमी काढली. इथे हौशी असण्याचा उपयोग झाला असं मला वाटतं, कोणाचंच पोट नाटकावर नव्हतं त्यामुळे प्रयोग बंद होता तरी लोक पांगले नाहीत. १९७४ ला घाशीराम परत सुरू झालं, त्याच वर्षी आळेकरांचं ‘महानिर्वाण’ आलं, कीर्तनाच्या ढंगात मेलेला माणूस स्वतःची गोष्ट सांगतो ते. १९७८ ला पुलंचं ‘तीन पैशाचा तमाशा’, १९७९ ला आळेकरांचं ‘बेगम बर्वे’. १९८० मध्ये घाशीराम युरोपला गेलं, जायच्या आधी पुन्हा विरोध झालाच, तरी गेलं. नंतर आगाशेंनी बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची मुलांची नाटकं मराठीत आणली, तेही याच संस्थेतून.

आळेकर बी. जे. मध्ये नोकरी करतच लिहीत आणि दिग्दर्शन करत राहिले, ती सुटली १९९६ मध्ये, पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचे प्रमुख म्हणून गेले तेव्हा.