मॅनिक्युअर-पेडिक्युअर आयटीआयमधून शिकायचंय? कॉस्मेटॉलॉजीचा प्रवेश, पात्रता आणि कागदपत्रं

मॅनिक्युअर-पेडिक्युअरचे क्लास आता तालुक्याच्या गावातही निघालेत. भिंतीवर लावायला सर्टिफिकेट सगळेच देतात, ते पुढे कुठे चालतं हा वेगळा प्रश्न. आपल्याकडे नखांचं काम करायला अमेरिकेसारखा सरकारी परवाना लागत नाही, त्यामुळे क्लास काढणाऱ्यालाही कुणी फारसं विचारत नाही. सरकारमान्य प्रमाणपत्र हवं असेल तर कमी खर्चाचा आणि खात्रीचा रस्ता म्हणजे आयटीआयमधला कॉस्मेटॉलॉजी हा ट्रेड. जुन्या माहितीपुस्तिकांमध्ये तो ‘बेसिक कॉस्मेटॉलॉजी’ या नावाने सापडेल.

अभ्यासक्रम एक वर्षाचा. अट एवढीच की दहावी उत्तीर्ण असावं आणि सत्र सुरू होताना वय किमान १४ असावं. वयाची वरची मर्यादा नाही, त्यामुळे मुलं शाळेत जायला लागल्यावर स्वतः शिकायला येणाऱ्या बायकाही या वर्गांत असतात. मुलग्यांनाही हा ट्रेड घेता येतो, फक्त मुलींच्या स्वतंत्र आयटीआयमध्ये नाही. सर्वसाधारण आयटीआयत ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात.

एका तुकडीत २४ जागा. वर्षाच्या १२०० तासांपैकी ८४० तास प्रात्यक्षिकाचे, २४० थिअरीचे आणि उरलेले १२० रोजगारक्षम कौशल्यांचे. थ्रेडिंग, वॅक्सिंग, फेशियल, केस, मेकअप, मेंदी असं सगळंच यात येतं. म्हणजे फक्त नखांचं काम शिकायचं असेल तर हे वर्ष लांब वाटेल. तरी माझं मत आयटीआयच्या बाजूने आहे, कारण दोन आठवड्यांच्या क्लासमध्ये जे हमखास गाळलं जातं ते इथे शिकवतात. फाइल नखाच्या कडेकडून मधे, एकाच दिशेने चालवायची; करवतीसारखी मागेपुढे ओढली की टोकाशी नखाचे पदर सुटतात. क्युटिकल आधी मऊ करायचं, मग पुशरने हलकेच मागे सारायचं, निपर लावायचा तो फक्त सुटलेल्या कातडीला. बुरशी धरलेलं नख किंवा पिकलेलं नखुरडं दिसलं तर काम करायचं नाही, ग्राहकाला डॉक्टरकडे पाठवायचं. मधुमेह असलेल्या माणसाच्या टाचेला ब्लेड लावायचं नाही. अशा पायांची संवेदना कमी झालेली असू शकते, कापलेलं कळत नाही आणि जखम भरायला वेळ लागतो. त्याच कारणाने टबातलं पाणी किती गरम आहे हे ग्राहकाला विचारून भागत नाही, आपणच तपासायचं. आणि पार्लरमधली ती निळ्या दिव्याची पेटी हत्यारं निर्जंतुक करत नाही. ती निर्जंतुक केलेली हत्यारं ठेवायला असते. हे माहीत नसलेली पार्लरं भरपूर आहेत.

आता अर्ज. दहावीचा निकाल लागण्याच्या सुमारास व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या प्रवेश पोर्टलवर नोंदणी सुरू होते. सरकारी आणि खासगी, दोन्ही आयटीआयच्या जागा याच पोर्टलवर दिसतात. नोंदणीला स्वतःचा किंवा घरातला मोबाइल नंबर द्या, सायबर कॅफेवाल्याचा नको. पुढचे सगळे निरोप त्याच नंबरवर येतात. अर्ज भरून, कागदपत्रं अपलोड करून, शुल्क भरून तो निश्चित करावा लागतो. नुसता भरून ठेवलेला अर्ज गुणवत्ता यादीत धरत नाहीत. एकाच्या नावे एकच अर्ज.

त्यानंतर विकल्प. संस्था आणि ट्रेड अशा जोड्या पसंतीक्रमाने द्यायच्या, १०० पर्यंत देता येतात. इथे घाई नको. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा विकल्प मिळाला तर प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून जिथे रोज जाणं जमणार नाही अशी संस्था केवळ नाव मोठं म्हणून वर टाकू नका. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते, तेव्हा एसटीची वेळ बघून क्रम ठरवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. निवड दहावीच्या गुणांवर होते, ब्युटीचं काम आधी येतं की नाही हे कुणी विचारत नाही. प्राथमिक यादी लागल्यावर हरकत नोंदवायला आणि माहिती दुरुस्त करायला थोडे दिवस मिळतात, त्या दिवसांत आपलं नाव, गुण आणि प्रवर्ग नीट बघून घ्या.

कागदपत्रांत दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो आणि अधिवास प्रमाणपत्र सगळ्यांनाच लागतं. आरक्षणातून अर्ज असेल तर जातीचा दाखला. अनुसूचित जाती-जमाती सोडून बाकी मागास प्रवर्गांना नॉन-क्रिमिलेअरही लागतं आणि ते मुदतीतलं हवं. आर्थिक दुर्बल घटकातून अर्ज असेल तर तहसीलचं तसं प्रमाणपत्र. हे दाखले सेतूत किंवा आपले सरकार केंद्रात मिळतात, पण निकालानंतर तिथे झुंबड उडते. एप्रिल-मेमध्येच अर्ज टाका.

लग्न झालेल्यांनी दोन गोष्टी आधीच बघाव्यात. दाखल्यावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, असं बहुतेकींचं असतं. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र हाताशी असेल तर पडताळणीच्या टेबलावर अडत नाही. दुसरं, जात लग्नाने बदलत नाही. जातीचा दाखला वडिलांकडच्या पुराव्यांवरच निघतो आणि नॉन-क्रिमिलेअरलाही नवऱ्याचं नाही, आईवडिलांचं उत्पन्न बघतात. माहेर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर जुनी कागदं जमवायला महिना सहज जातो, कारण शाळेचा जुना रजिस्टर उतारा फोनवर मागून मिळत नाही.

सरकारी आयटीआयची फी खासगी क्लासच्या मानाने अगदी कमी असते. फी प्रतिपूर्तीच्या योजनांसाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर वेगळा अर्ज करावा लागतो. बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात.

वर्षाच्या शेवटी अखिल भारतीय परीक्षा असते. प्रात्यक्षिकात ६० टक्के आणि थिअरीत ३३ टक्के मिळाले की पास. राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र ऑनलाइन मिळतं. त्यावरचं नाव, जन्मतारीख आणि ट्रेड त्याच दिवशी तपासा, चूक उशिरा कळली तर दुरुस्तीला फार फिरावं लागतं. पुढे आयटीआयत निदेशक व्हायचं असेल तर सीआयटीएस हा एक वर्षाचा प्रशिक्षक अभ्यासक्रम आहे, त्यातही कॉस्मेटॉलॉजी आहे.

वर्षभर निघणं शक्यच नसेल तर ब्यूटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलच्या ‘पेडिक्युरिस्ट अँड मॅनिक्युरिस्ट’ या छोट्या कोर्सची चौकशी स्किल इंडिया डिजिटल पोर्टलवर करा. पार्लरमध्ये आधीच काम करत असाल तर त्याच पोर्टलवर ‘आरपीएल’ बघा. त्यात आधीपासून येत असलेल्या कामाचं मूल्यमापन करून प्रमाणपत्र देतात, पुन्हा पहिल्यापासून शिकायला बसवत नाहीत. खासगी क्लासवाला ‘सरकारमान्य’ म्हणाला तर प्रमाणपत्र कुठल्या संस्थेचं मिळणार आणि परीक्षा कोण घेणार, हे पैसे भरण्याआधी लिहून मागा.