म्हाडाच्या मुंबई सोडतीसाठी अर्ज: पात्रता, कागदपत्रे आणि हप्त्याचे गणित

बाजारभावाने मुंबईत घर घेणे न परवडणाऱ्या नोकरदार कुटुंबांची मोठी भिस्त म्हाडाच्या सोडतीवर असते. पूर्वी सोडतीत नाव लागल्यानंतर कागदपत्रांची छाननी होत असे. २०२३ पासून मात्र पात्रता आधी तपासली जाते आणि मगच अर्ज सोडतीत जातो. म्हणून जाहिरातीची वाट न पाहता संकेतस्थळावर किंवा मोबाइल ॲपवर नोंदणी करून ठेवावी. ती केव्हाही करता येते.

अर्जदाराचे वय किमान १८ वर्षे असावे आणि त्याच्या, जोडीदाराच्या किंवा अल्पवयीन मुलांच्या नावे मुंबई महापालिकेच्या हद्दीत मालकीचे घर नसावे. प्रधानमंत्री आवास योजनेतील घरांसाठी ही अट अधिक कडक असून देशात कुठेही पक्के घर चालत नाही. उत्पन्न पती-पत्नीचे एकत्रित धरतात, आईवडिलांचे नाही. मुंबई महानगर प्रदेशात वार्षिक ६ लाखांपर्यंत अत्यल्प, ९ लाखांपर्यंत अल्प, १२ लाखांपर्यंत मध्यम आणि त्यापुढे उच्च उत्पन्न गट ठरतो.

आधार, पॅन (विवाहित असल्यास दोघांचेही) आणि उत्पन्नासाठी प्राप्तिकर विवरणपत्र किंवा तहसीलदारांचा दाखला बहुतेकांकडे असतो. गाडी अडते ती अधिवास प्रमाणपत्रावर, कारण ते २०१८ नंतरचे, बारकोड असलेलेच लागते आणि जुना कागद कितीही खरा असला तरी प्रणाली तो स्वीकारत नाही. आरक्षित प्रवर्गातून अर्ज करणाऱ्यांनी जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्रही हाताशी ठेवावे. यानंतर अर्ज शुल्क आणि गटानुसार अनामत रक्कम ऑनलाइन भरायची असते. घर न लागल्यास अनामत परत मिळते, शुल्क मिळत नाही.

खरी परीक्षा घर लागल्यावर सुरू होते. २०२३ च्या सोडतीत गोरेगावच्या पहाडी येथील अत्यल्प गटाचे घर सुमारे ३० लाखांचे होते. त्यासाठी २७ लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे २४,३०० रुपये येतो, म्हणजे या गटाच्या कमाल मासिक उत्पन्नाच्या, ५० हजारांच्या, जवळजवळ निम्मा; वर मुद्रांक शुल्क आणि देखभाल खर्च वेगळाच. देकारपत्रानंतर (घर देऊ करणाऱ्या म्हाडाच्या पत्रानंतर) रक्कम ठरलेल्या मुदतीतच भरावी लागत असल्याने, आपल्याला किती कर्ज मिळेल हे बँकेकडून अर्जापूर्वीच विचारून घ्यावे आणि संकेत क्रमांक, म्हणजे ज्या योजनेतील घरासाठी अर्ज करायचा तिचा क्रमांक, त्यानुसार निवडावा. ताबा मिळाल्यावर पाच वर्षे हे घर विकता येत नाही.